दुर्मिळ बर्बन हाती लागली: उघडायची की राखायची?

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की मला एकाच प्रकारचे निरोप यायला लागतात. बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, आणि तिथल्या नावाजलेल्या बर्बनच्या वर्षातून एकदाच निघणाऱ्या खेपा साधारण याच दिवसांत बाजारात येतात. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया अशा राज्यांत त्या सरकारी सोडतीतून वाटल्या जातात. कुणाचं तरी नाव निघतं, बाटलीचा फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो: "दादा, दिवाळीला उघडू की ठेवून देऊ?"

मी ओहायोतल्या सिनसिनाटीत राहतो. नदी ओलांडली की केंटकी, म्हणजे बर्बनचं माहेर. गेल्या काही वर्षांत ओळखीपाळखीच्या लोकांच्या बऱ्याच बाटल्या वाया जाताना पाहिल्या, आणि त्या बहुतेक एकाच कारणाने गेल्या: मालकाने काहीच ठरवलं नव्हतं. बाटली कपाटात सरकवली, "बघू नंतर" म्हटलं आणि विषय मिटला.

मीही तेच केलं होतं. वेलर १२ या बारा वर्षं मुरवलेल्या बर्बनची एक बाटली सहा वर्षं स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात ठेवली, बरोब्बर ओव्हनच्या डोक्यावर. बाबा साताऱ्याहून दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मी म्हणालो, "बाबा, ही पुढच्या वेळी." तिसऱ्यांदा आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांची दारू पूर्ण बंद केली होती. शेवटी मी उघडली तेव्हा बूच अर्ध्यात तुटलं. दारू गळ्याच्या खाली दोन बोटं उतरली होती. नाकाला गोडसर वास लागला, पण जिभेवर काही उरत नव्हतं.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. निर्णय पाचव्या टप्प्यावर आहे. त्याआधीचं सोडून थेट तिथे गेलात तर बहुधा चुकीचंच ठरवाल.

## तयारी

अर्धा तास काढा आणि एवढं टेबलावर घ्या: वही-पेन, मास्किंग टेप, टॉर्च, फोनचा कॅमेरा. पॅराफिल्म नावाची ताणली जाणारी पातळ पट्टी मिळते, तिची एक गुंडाळी आणून ठेवा. शिवाय जुन्या बाटल्यांची दोन-तीन चांगली बुचं, बूच काढायचा स्क्रू, मलमलीचा धुतलेला तुकडा आणि १०० ते २०० मिलीच्या काचेच्या छोट्या बाटल्या लागतील.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती एक गोष्ट इथेच सांगतो. बर्बन बाटलीत मुरत नाही. तिचं सगळं मुरणं आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात होतं, आणि पिंपातून बाहेर पडली की ते थांबतं. १२ वर्षांची बर्बन घरात आणखी १० वर्षं ठेवलीत तरी ती १२ वर्षांचीच. लोणच्याचा किंवा वाइनचा हिशेब इथे लावू नका. राखण्याने चव वाढणार नाही. फार तर आहे ती टिकेल.

## टप्पा १: बाटली नीट वाचा

लेबलवरचं नाव, वय, प्रूफ आणि खेपेचा आकडा वहीत उतरवा. प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट. वेलर १२ चं प्रूफ ९०, म्हणजे ४५ टक्के. ब्लँटन्स ९३, म्हणजे ४६.५ टक्के. पॅपी व्हॅन विंकल १५ चं १०७, म्हणजे ५३.५ टक्के. हा आकडा पुढे तीनदा लागणार आहे: ठेवताना, ओतताना आणि विमानाने नेताना.

खेपेचा आकडा शोधायला थोडी सवय लागते. ब्लँटन्सवर पिंप रिकामं केल्याची तारीख लेबलवरच असते. एलायजा क्रेगच्या बॅरल प्रूफवर, म्हणजे पाणी न घालता पिंपातून तशीच भरलेल्या बर्बनवर, सी९२३ असं काही दिसेल. त्यात सी म्हणजे त्या वर्षातली तिसरी खेप, ९ म्हणजे सप्टेंबर आणि २३ म्हणजे २०२३. बफेलो ट्रेस या केंटकीतल्या डिस्टिलरीच्या बाटल्यांवर काचेवर लेझरने बारीक कोड असतो: एल, मग वर्षाचे दोन आकडे, मग वर्षातला कितवा दिवस. टॉर्च तिरकी धरली की तो दिसतो.

बाटली जुन्या घरातून किंवा कुणाच्या कपाटातून आली असेल तर आणखी दोन खुणा बघा. माप ४/५ क्वार्ट असं असेल तर ती साधारण १९८० च्या आधीची, कारण त्यानंतर अमेरिकेत मद्याची मापं लिटर-मिलीत आली. मागच्या बाजूला सरकारी आरोग्य-इशारा असेल तर ती १९८९ नंतरची.

सावधान: चिनी मातीच्या शोभिवंत, प्राण्या-पक्ष्यांच्या आकाराच्या जुन्या बाटल्यांतली दारू पिऊ नका. त्यांच्या झिलईतलं शिसं वर्षानुवर्षं दारूत उतरत असतं. त्या शोकेसमध्येच ठेवा.

तपासा: बाटली सरकारी दुकानातून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडून आली आहे का? ओळखीच्या ओळखीकडून आली असेल तर सील, कोड आणि पातळी दुप्पट काळजीने बघा. पॅपी आणि ब्लँटन्सच्या रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यात स्वस्त दारू भरणारे लोक आहेत. कोड खरवडलेला असेल, आवरण सैल असेल किंवा पातळी नेहमीपेक्षा खूप वर-खाली असेल, तर ती राखण्यात काही अर्थ नाही. भेट म्हणूनही कुणाला देऊ नका.

## टप्पा २: परत मिळेल का?

दुर्मिळ हा शब्द फार सैल वापरला जातो. तीन वेगळ्या गोष्टींना लोक तेच म्हणतात.

काही बाटल्या तुमच्या गावात मिळत नाहीत, पण त्या सतत बनत असतात. ब्लँटन्स आणि वेलर १२ या वर्गातल्या. आज नाही, तर सहा महिन्यांनी दुसऱ्या राज्यात सापडतील.

काही ठरलेल्या वेळी परत येतात, पण प्रत्येक खेप वेगळी. एलायजा क्रेग बॅरल प्रूफ वर्षातून तीनदा येते. ओल्ड फॉरेस्टरची बर्थडे बर्बन दर सप्टेंबरला. बफेलो ट्रेसची अँटिक मालिका, म्हणजे जॉर्ज टी. स्टॅग, विल्यम लॅरू वेलर वगैरे, शरद ऋतूत. नाव परत मिळेल, नेमकी तीच चव कदाचित नाही.

आणि काही खरोखर संपलेल्या. बंद पडलेल्या डिस्टिलरीची दारू, एखाद्या दुकानाने निवडलेलं एकच पिंप, किंवा तुमच्या लग्नाच्या वर्षी भरलेली बाटली.

आपली बाटली यातल्या कुठल्या वर्गात बसते ते वहीत लिहा. माझ्या अनुभवात दहातल्या आठ बाटल्या पहिल्या वर्गातल्या निघतात, आणि त्या राखण्यासाठी घरात जी धडपड चालते ती पाहून वाईट वाटतं. पहिल्या वर्गातली एकच बाटली असेल तर ती याच वर्षी उघडा. पुढे वाचायचं ते सातव्या टप्प्यापासून.

## टप्पा ३: कुठली किंमत मनात धरायची?

दुकानात ५०-६० डॉलरला घेतलेली बाटली. मग एखादा मित्र सांगतो, "अरे, हिचे आज चारशे मिळतील." त्या क्षणापासून ती उघडायला हात धजत नाही. ही चूक इतकी नेहमीची आहे की तिच्यासाठी मी वेगळा टप्पाच ठेवला.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत परवान्याशिवाय एका खासगी माणसाने दुसऱ्याला मद्य विकणं बेकायदा आहे. म्हणजे ते चारशे डॉलर तुमच्या खिशात नाहीत, आणि सरळ मार्गाने येणारही नाहीत. केंटकीत १ जानेवारी २०१८ पासून एक वाट आहे. तिथल्या परवानाधारक दुकानदाराला खासगी माणसाकडून घाऊक बाजारात न मिळणारी जुनी बाटली विकत घेता येते. तुमच्या राज्यात अशी सोय असेल आणि तुम्ही ती खरोखर वापरणार असाल, तरच बाजारभाव हिशेबात धरा. नाहीतर वहीत एकच आकडा लिहा, स्वतः मोजलेला.

महाराष्ट्रात तर हा प्रश्नच उद्भवत नाही. घरून मद्य विकणं हा गुन्हा आहे.

## टप्पा ४: आधी दुसरीकडे एक घोट घ्या

शक्य असेल तर बाटलीला हात लावण्याआधी तीच बर्बन एखाद्या बारमध्ये ३० मिली घेऊन बघा. केंटकीत लुईव्हिल, बार्ड्सटाउनकडे जाणं झालं तर हे सोपं आहे, तिथे चांगल्या बारमध्ये अर्धा माप ओतूनही देतात. आवडली नाही, तर बाटली कुणाला द्यायची ते शोधायला लागा. आवडली, तर ती कशी प्यायची हेही तिथेच कळेल. माझ्या एका मित्राने स्टॅग चार वर्षं जपली आणि उघडल्यावर कळलं की त्याला १२५ च्या वरचं प्रूफ झेपतच नाही.

## टप्पा ५: निर्णय कागदावर

आता ठरवा. पर्याय तीनच आहेत आणि प्रत्येकाला स्वतःची अट आहे.

या वर्षी उघडायची. अट: कोणाबरोबर ते लिहा. निदान दोन नावं.

राखायची. अट: तारीख आणि माणसं, दोन्ही. "मुलीची पदवी, मे २०२९" ही तारीख झाली. "काहीतरी खास असेल तेव्हा" ही तारीख नाही. पाच वर्षांपलीकडची तारीख टाकत असाल तर यादीतल्या प्रत्येक माणसाचं वय आणि तब्येत डोळ्यांसमोर आणा. साठीच्या पुढच्या माणसासाठी बाटली राखू नका, उघडा. हे मी बाबांच्या अनुभवावरून सांगतो, आणि या एका मुद्द्यावर कुणी वाद घातला तरी मी मागे हटत नाही.

एकसारख्या दोन बाटल्या असतील तर प्रश्न सुटतो. एक उघडा, एक राखा. पहिलीची चव जिभेवर असल्यामुळे दुसरी कधी आणि कोणासाठी, हेही नीट ठरतं.

द्यायची. अट: ज्याला द्यायची तो बर्बन पितो का, याची खात्री. व्हिस्की पितो एवढं पुरेसं नाही. वर्षानुवर्षं स्कॉच सोडा घालून पिणाऱ्या काकांना १०७ प्रूफची बर्बन दिलीत तर तेही ती सोड्यातच घालतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

तपासा: ठरलेली ओळ एका चिठ्ठीवर लिहून बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने बांधा. घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी, मराठीत किंवा इंग्रजीत. आमच्याकडे चिठ्ठी नसलेल्या एका बाटलीतून पाहुण्यांनी कोलात घालून तीन पेग केले. ते बिचारे तरी काय करणार, कपाटात सगळ्या बाटल्या शेजारी शेजारीच उभ्या होत्या.

## टप्पा ६: राखायची असेल तर

१. उभी ठेवा. वाइनची बाटली आडवी ठेवतात ते बूच ओलं राहावं म्हणून. बर्बनमध्ये अल्कोहोल तिप्पट-चौपट असतं, ते बूच पोखरतं आणि त्याची चव दारूत उतरवतं. वाइन रॅकमध्ये आडवी टाकलेली बर्बन दिसली की मी यजमानांना विचारून ती उभी करून येतो.

२. जागा निवडा. अंधारी, गार आणि तापमान फार न हलणारी. ओव्हनच्या वर, फ्रिजच्या वर, खिडकीत, गॅरेजमध्ये, पोटमाळ्यावर अजिबात नको. ओहायोत गॅरेज हिवाळ्यात गोठतं आणि जुलैत भट्टी होतं. बाटलीतली हवा प्रसरण पावते, आकसते, आणि दर फेरीला बुचाच्या फटीतून थोडी वाफ निघून जाते. माझ्या वेलरची दोन बोटं अशीच गेली. बेडरूममधल्या कपाटाचा तळाचा कप्पा बहुतेक घरांत सगळ्यात चांगला.

नागपूर-अकोल्याकडे असाल तर मे महिन्याचा विचार करून भिंत निवडा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट संध्याकाळपर्यंत तापलेलं राहतं. मुंबई, कोकण, गोवा इथे उष्णतेपेक्षा दमट हवेचा त्रास जास्त. लेबल सुटतं, बुरशी धरते, कसर कागद खाते. बाटली जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून, मग खोक्यात ठेवा.

३. पातळी नोंदवा. बाटलीच्या मागच्या बाजूला दारूच्या रेषेवर मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा आणि तारीख घाला. फोटो काढा. वर्षा-दोन वर्षांनी "कमी झाली की काय?" ही शंका येतेच. पट्टी असली की उत्तर लगेच मिळतं.

४. तोंड गुंडाळा. पॅराफिल्मची पट्टी ताणून बुचाच्या सांध्यावर तीन-चार वेढे द्या. फिरकीचं झाकण असेल तर झाकण ज्या दिशेने घट्ट होतं त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर ताण उलटा बसून ते सैल होतं. मूळ सील, कागदी पट्टी किंवा मेण काढू नका, सगळं त्याच्या वरून करा. घरी वितळवलेलं मेण ओतायचा प्रयोगही नको. 

५. वर्षातून दोनदा बघा. मी गुढीपाडवा आणि दसरा धरले आहेत. दोन्हींत साधारण सहा महिने, आणि ते विसरायला होत नाही. पातळी पट्टीशी ताडून बघा, बुचाभोवती चिकटपणा आहे का बोट फिरवून बघा, तारीख जवळ आली का ते चिठ्ठीवर बघा. बूच ओलं करायला बाटली पाच सेकंद कलती करायची असेल तर याच वेळी करा. त्याहून जास्त नको.

सावधान: पातळी एका तपासणीत अर्ध्या बोटाहून जास्त उतरली असेल तर राखणं तिथेच संपलं. चिठ्ठीवरची तारीख कोणतीही असो, त्या महिन्यात माणसं बोलवा.

काही बाटल्या थंडीत धुकट दिसतात, विशेषतः गाळणी न मारलेल्या. ते खराब होणं नाही. खोलीच्या तापमानाला आणल्यावर धुकं विरतं.

## टप्पा ७: उघडायचा दिवस

१. आदल्या दिवशी हिशेब करा. ७५० मिली म्हणजे ३० मिलीचे २५ पेग. सहा माणसं, प्रत्येकी दोन: ३६० मिली गेली, ३९० उरली. बारा माणसांना ६०-६० ओतलीत तर ७२० संपली आणि कुणालाच चव कळली नाही. चार ते सहा माणसं बरोबर. येणाऱ्यांची परतायची सोय आधी विचारा. गाडी चालवणाऱ्याचा पेग छोट्या बाटलीत भरून त्याच्यासोबत द्या, आणि ती बाटली डिकीत जाईल हे बघा.

२. घर तयार करा. बर्बनचा अर्धा आनंद नाकाचा आहे. त्या संध्याकाळी उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर बंद. लसणाची फोडणी आधीच उरकून खिडक्या उघडा. दिवाळीत बाहेर फटाके चालू असतील तर ती संध्याकाळ सोडा, पाडव्याची सकाळ टळल्यावर दुपारी बसा.

३. जेवणाआधी बसा. मटणाचा रस्सा किंवा मिसळ झाल्यावर उघडलेली बाटली वाया गेली म्हणायची, कारण तिखटावर अल्कोहोलचा नुसता चटका लागतो. सोबत बिनमिठाचे भाजलेले बदाम, साधी पोळी किंवा पाव, आणि पाणी. चकली-चिवडा नंतर.

४. बूच काढा. बाटली उभी, एका हाताने घट्ट धरलेली. बूच आधी हळूच दोन्हीकडे फिरवा, सुटल्याचं बोटांना जाणवू द्या, मग फिरवत सरळ वर ओढा. तिरकं ओढलं की तुटतं. बाटली दहा वर्षांहून जुनी असेल तर उघडण्याआधी दहा सेकंद कलती करून बूच ओलं करा आणि स्क्रू हाताशी ठेवा.

तुटलंच तर घाबरू नका. उरलेल्या तुकड्यात स्क्रू सावकाश घाला आणि काढा. आत पडलं तर मलमलीतून स्वच्छ, कोरड्या बाटलीत गाळा, मूळ बाटली धुऊन पूर्ण वाळवा, परत भरा आणि राखून ठेवलेलं जुनं बूच लावा. बुचाच्या चुऱ्याने बर्बन बिघडत नाही.

५. ओता आणि थांबा. खाली फुगीर, वर निमुळता असा छोटा ग्लास. नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालतो. ३० मिली ओतून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. नव्या बाटलीचा पहिला पेग बऱ्याचदा चढा आणि बंद वाटतो. त्यावरून मत बनवू नका.

६. नाक, मग जीभ. ग्लास हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. नाक थेट आत घातलंत तर अल्कोहोलने बधिर होईल. पहिला घोट अगदी लहान, जीभ तयार करायला. खरी चव दुसऱ्या घोटाला. मला वेलरमध्ये दुसऱ्या घोटाला चिरोट्याच्या पाकासारखा गोडवा लागतो आणि मागून भाजलेल्या लाकडाचा किंचित तुरटपणा.

७. पाणी थेंबाने. १०० प्रूफच्या वर असेल तर चमच्याने चार-पाच थेंब घालून परत चाखा. १२० च्या वर असेल तर अर्धा चमचाही लागतो. प्रत्येक वेळी थांबून चाखा, कारण घातलेलं पाणी परत काढता येत नाही. बर्फ पहिल्या पेगात नको. दुसरा ज्याचा त्याने हवा तसा घ्यावा.

सावधान: एका संध्याकाळी दोनपेक्षा जास्त दुर्मिळ बाटल्या उघडू नका. दोन असतील तर कमी प्रूफची आधी. स्टॅगनंतर पॅपी २० (९०.४ प्रूफ) ओतलीत तर ती पाण्यासारखी लागेल, आणि दोष तिचा नसेल.

तपासा: बाटली उघडल्याची तारीख टेपवर लिहून तळाला चिकटवली का?

## टप्पा ८: उरलेली बाटली

सगळ्यात जास्त बर्बन इथेच वाया जाते. लोक शेवटचे दोन पेग "जपून" ठेवतात. बाटलीत दारू कमी म्हणजे हवा जास्त, आणि ती हवा रोज थोडा वास, थोडी चव नेते. माझा अंदाज असा: गळ्यापर्यंत भरलेली उघडी बाटली वर्षभर छान राहते, अर्धी झालेली सहा महिने, पाव उरलेली महिना-दीड महिना. प्रूफ कमी असेल तर त्याहून लवकर उतरते.

म्हणून अर्ध्यावर आली की लगेच छोट्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा. त्या धुऊन, उलट्या ठेवून, पूर्ण वाळलेल्या हव्यात. आत साबणाचा वास येत असेल तर परत धुवा. प्लास्टिक नको. प्रत्येकीवर नाव, प्रूफ, तारीख. बाबांसाठी नाही तर निदान भावासाठी एक १०० मिलीची बाटली अशी वेगळी काढता येते, आणि तो सहा महिन्यांनी आला तरी त्याला आपल्यासारखीच चव मिळते.

पैलूदार क्रिस्टलच्या सुरईत ओतून ठेवू नका. जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं. एका संध्याकाळपुरती वाढायला चालते, साठवायला नाही.

ब्लँटन्सच्या झाकणांवर घोडेस्वार असतात, आठ अक्षरांचे आठ वेगळे. संच पुरा व्हावा म्हणून काही जण तळाशी दोन घोट ठेवून बाटल्या उभ्या करतात. झाकण ठेवा, दारू पिऊन टाका.

## टप्पा ९: भारतात न्यायची असेल तर

आधी पहिल्या टप्प्यातलं प्रूफ बघा. १४० प्रूफ म्हणजे ७० टक्के. त्याच्या वरची बाटली विमानात केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इन सामानातही नाही. स्टॅगच्या काही खेपा या रेषेच्या वर गेल्या आहेत, त्या अमेरिकेतच उघडा. २४ ते ७० टक्क्यांमधली सीलबंद बाटली चेक-इनमध्ये माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते, पण भारतात ड्यूटीशिवाय माणशी २ लिटरच. ७५० मिलीच्या दोन झाल्या दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन, आणि वरच्या मापावर ड्यूटी भरा.

बाटली पॅराफिल्मने गुंडाळा, झिप पिशवीत घाला, मग जाड कपड्यांत, बॅगेच्या मधोमध. भोवती चारही बाजूंनी कपडे हवेत. चाकांच्या बाजूला नको.

महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, आणि बर्बनसारख्या कडक मद्याला वय २५ पूर्ण हवं. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तिथल्या घरी जाणार असाल तर बाटली वाटेतच कुणाकडे ठेवा.

तपासा: भारतातल्या घरी पोचल्यावर बाटली दोन-तीन दिवस स्वस्थ उभी ठेवली का, पातळी परत टेपशी ताडली का?

## टप्पा १०: रिकामी झाल्यावर

बूच धुऊन वाळवा आणि डब्यात टाका, पुढच्या तुटलेल्या बुचाच्या वेळी लागेल. बाटली कोमट पाण्यात तासभर ठेवून लेबल सोलून काढा. वहीत चिकटवायचं असेल तर शेजारी उघडल्याची तारीख आणि त्या संध्याकाळी बसलेल्यांची नावं लिहा. काचेवरच्या कोडवर खिळ्याने दोन-तीन ओरखडे मारा, मगच ती कचऱ्यात किंवा भंगारात जाऊ द्या. रिकाम्या पॅपीला पैसे देणारा कुणी भेटला तर नाही म्हणा. ती बाटली परत भरून कुणाच्या तरी हातात जाणार असते.